दुआही आणि दवाही

दिवेलागणीच्या वेळी पेंढ्याजवळ खेळणारे मूल एकाएकी किंचाळते. त्याच्या बोटाला विंचू चावलेला असतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, महाड या भागांतील मातापित्यांना हा प्रसंग नवा नाही. प्रश्न असा आहे की, त्यानंतरच्या तासाभरात आपण काय करतो? कोणी विंचू उतरविणाऱ्याकडे धावतो, कोणी दम केलेले पाणी पाजून सकाळची वाट पाहतो. वडील आखातात नोकरीस असतील, तर त्यांचा फोन लागेपर्यंत निर्णय अडून राहतो. लेकराचा जीव मात्र याच तासांवर अवलंबून असतो.

कोकणातील लाल विंचवाचे विष हृदयावर आघात करते. दरदरून घाम, उलट्या आणि थंड पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हे होत. पुढे फुप्फुसांत पाणी साठून श्वास कोंडतो. लहान शरीरास तेवढेच विष अधिक घातक ठरते. वेदना थोडी आहे म्हणून धोका टळला, असेही समजू नये.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारी मुले पाहून त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या विषाचा अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसीन हे साधे औषध यावर गुणकारी असल्याचे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. हे प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र हे औषध वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

कोणी विचारील, दम करणे हदीसने सिद्ध नाही काय? निश्चितच आहे. दंश झालेल्या एका टोळीप्रमुखावर एका सहाबींनी सूरह फातिहा पठण केल्याची घटना हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत वर्णित आहे, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली. परंतु स्वतः प्रेषितांना (स.) नमाजमध्ये विंचू चावला, तेव्हा त्यांनी कुरआनच्या सूरह पठण केल्या आणि दंशाच्या जागी मीठ-पाणीही लावले, असे हजरत अली (रजि.) यांच्याकडून वर्णित आहे. दुआ आणि उपाय यांत त्यांनी विरोध मानला नाही. उपचार करा, असा त्यांचा आदेशच आहे. कारण अल्लाहने रोगाबरोबर त्याचे औषधही निर्माण केले आहे. मग आपण एकासाठी दुसरे का सोडावे? फातिहा रिक्षात बसूनही पठण करता येते. त्यासाठी रिक्षा थांबविण्याची गरज नाही.

म्हणून मातापित्यांनी काही गोष्टी आजच ठरवाव्यात. विंचू चावताच मुलास शांत ठेवून रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू नये, घट्ट बांधू नये. परदेशी असलेल्या वडिलांनी पत्नीला स्पष्ट सांगून ठेवावे की, अशा वेळी माझ्या परवानगीची वाट पाहू नकोस. थोडे पैसे आणि शेजारच्या वाहनचालकाचा क्रमांक घरात हाताशी असावा.

झोपण्यापूर्वी अंथरूण झटकावे, कारण आपल्यामागे त्यावर काय आले हे ठाऊक नसते, ही शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. चिरे, लाकूडफाटा आणि कौलांच्या आमच्या घरांत ती किती मोलाची आहे! विंचूदंशाची तक्रार घेऊन आलेल्या एका माणसाला त्यांनी संध्याकाळी अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागण्याची दुआ शिकविली. मुलांना ती दुआ पाठ करवावी आणि अंथरूण झटकण्याची सवयही लावावी.

संतान ही अल्लाहची अमानत आहे. एक जीव वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवजातीस वाचविणे, असा सूरह माइदाचा (५:३२) आशय आहे. तो जीव आपल्याच कुशीतला असताना उशीर करणे हे तवक्कुल नव्हे. अल्लाह आपल्या लेकरांचे रक्षण करो आणि आपणास वेळेवर योग्य पाऊल उचलण्याची बुद्धी देवो. आमीन.