बारावीनंतर नगरनियोजन : नजरेआड राहिलेली पदवी

बारावीचा निकाल लागला की विरार पूर्वेकडील मनवेलपाड्यासारख्या वस्त्यांतून समुपदेशकांकडे दरवर्षी तोच प्रश्न येतो : संगणक अभियांत्रिकीला किती पर्सेंटाइल लागतील, आणि तेवढे नसतील तर व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळेल का? या प्रश्नात शेजारच्या मुलाची नोकरी असते, घराचे हप्ते असतात, नातेवाइकांची विचारपूस असते. स्वतःच्या मुलाचा कल मात्र नसतो. ज्याचे गणित बरे आहे, हात चित्रात रमतो आणि ज्याला आपल्या गल्लीत पाणी नेमके कुठे तुंबते हे ठाऊक आहे, अशा विद्यार्थ्याला कर्ज काढून मिळेल त्या महाविद्यालयातील संगणक शाखेत बसवणे हा सरळसरळ चुकीचा निर्णय आहे.

वास्तुकलेचा मार्ग परिचित आहे : ‘नाटा’ ही अभियोग्यता परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर २अ, ५ वर्षांची बी. आर्क. आणि नंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी. दहावीनंतर आयटीआयमधील आरेखक (स्थापत्य) हा २ वर्षांचा अभ्यासक्रमही लवकर कमावते करणारा आहे. विसर पडतो तो बी. प्लॅनिंग या ४ वर्षांच्या पदवीचा, जिच्यात एका इमारतीऐवजी अख्ख्या शहराची जमीन, रस्ते, पाणी आणि घरे यांची सांगड शिकवली जाते आणि जिच्यासाठी जेईई मेनचा पेपर २ब द्यावा लागतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील केंद्रीय संस्थांत ती उपलब्ध आहे.

हवामानबदलाच्या काळात या शिक्षणाची गरज वसई-विरारइतकी क्वचितच कुठे उघड दिसेल. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि मध्ये भातशेती, मिठागरे व बावखले, म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवण्यासाठी वाड्यांमध्ये खोदलेली तळी, अशी या भूभागाची जुनी रचना आहे. १,००० चौरस मीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १ लाख लिटर पाणी जमा होते. खाचरात त्यातले बरेचसे थांबते व मुरते, काँक्रीटवरून मात्र जवळजवळ सगळे गटाराकडे धावते, आणि त्याच वेळी भरती असेल तर गटाराचे पाणी खाडीत उतरू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पाण्याखाली जाऊन लोकलसेवा ठप्प झाली, तेव्हा भराव टाकून बांधलेल्या शहराचे हे गणित सर्वांनी पाहिले.

म्हणून महाविद्यालय निवडताना इमारतीची चकाकी न पाहता, विद्यार्थ्यांना भर पावसात नाल्यांच्या पाहणीला नेतात का, समोच्चरेषांचा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा त्यांच्याकडून काढून घेतात का, पश्चिमेच्या भिंतीवरचे ऊन छज्ज्याने कितपत अडते हे मोजायला लावतात का, असे विचारावे. काचेने मढवलेल्या इमारतीवर सौरपॅनेल बसवण्याला जिथे ‘हरित वास्तू’ म्हणतात, तिथे प्रवेश घेऊ नये.

नोकरीबाबत खोटी आशा दाखवणे योग्य नाही. राज्याच्या नगररचना विभागातील पदांची भरती दरवर्षी होतेच असे नाही, आणि खासगी सल्लागार संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचाच असू शकतो. तथापि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा, म्हणजे शहरातील प्रत्येक जमिनीचा वापर ठरवणारा नकाशा, करणे हे नियोजन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ते काम जाणकारांशिवाय होत नाही.

पालकांनी फी, प्रवास आणि वसतिगृह यांचा हिशेब जरूर करावा. पसंतिक्रमाचा अर्ज मात्र मुलाला स्वतःच्या हाताने भरू द्यावा.