धडा बारावा : नागीण

नागीण आपण सर्वांनी पाहिली आहे. कमरेला नाही तर छातीला, एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. आग आग होते. लोक म्हणतात, "नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो." आम्ही सांगतो, हे खरे नव्हे.

मग नागीण येते कुठून? लहानपणी कांजिण्या येतात आणि बऱ्या होतात. पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी तो दडून बसतो. हरळी वरून खुरपली तरी मुळी जमिनीत राहतेच ना? तसेच हे. अंगाची ताकद घटली की तो एका नसेच्या वाटेने वर येतो. तीच नागीण.

अशा विषाणूंचे एक कुटुंब आहे. त्याला हर्पिस म्हणतात. तापात ओठावर जर उठतो, तो यातल्याच एकाने. जगात ५० वर्षांखालच्या दर ३ माणसांपैकी सुमारे २ माणसांच्या अंगात तो आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

एच.आय.व्ही. हा निराळा विषाणू. तो अंगातल्या राखणदारांनाच मारतो. राखण्या नसला की शेतात गुरे शिरणारच. म्हणून एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला नागीण जास्त वेळा होते, तरुणपणीही होते.

पण नागीण झाली म्हणजे एच.आय.व्ही. आहेच, असे नाही. ती म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा होते. उगाच कोणाला नाव ठेवू नये. तरुणाला झाली तर मात्र रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, गुप्तही राहते. एच.आय.व्ही.ची औषधेही २००४ सालापासून सरकार फुकट देते. ती रोज घेतली की अंगाची राखण पुन्हा सुधारते.

नागीण दिसताच ३ दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जावे. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी. गेरू आणि मंत्र यांत वेळ घालवू नये. फोड झाकून ठेवावेत. ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत, अशा गरोदर बायांनी व तान्ह्या मुलांनी दूर राहावे. घरच्यांनी मात्र आजाऱ्याला वाळीत टाकू नये. एका पंगतीत जेवल्याने एच.आय.व्ही. होत नाही.

प्रश्न
१. कांजिण्यांचा विषाणू कोठे दडून बसतो?
२. नागीण झाल्यावर किती दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जावे?
३. तुमच्या गावात नागिणीवर काय करतात? ते बरोबर आहे का?