खालचं हॉटेल चालू होतं

कोल्हापुरात एसटी स्टँडजवळच्या एका लॉजचं काम मी ऑगस्ट 2013 मध्ये घेतलं आणि फेब्रुवारी 2014 मध्ये पुरं केलं. तीन मजले, बावीस खोल्या. जुना गिलावा खरवडला, सगळी वायरिंग बदलली, बाथरूमच्या फरश्या उखडून वॉटरप्रूफिंग केलं, दारांना नव्या चौकटी बसवल्या. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणायचो. काम बघून अण्णा खूश झाले आणि शेवटचं बिल एकही शंका न काढता त्यांनी चुकतं केलं. त्या बिलावर सेवाकराच्या ओळीत मी 40 टक्के असा आकडा धरला होता. चार वर्षांनी त्या आकड्यानं माझी झोप उडवली.

सेवाकर 30 जून 2017 ला संपला. तरी हे लिहितोय, कारण त्या काळातली प्रकरणं आजही अपिलांत अडकली आहेत, आणि ज्या गैरसमजात मी अडकलो तो जीएसटीतही माझ्या धंद्यातल्या लोकांना महाग पडतो आहे.

व्यापारी इमारतींच्या बांधकामावर सेवाकर आला 10 सप्टेंबर 2004 पासून. दुरुस्ती, फेरबदल, नूतनीकरण हे सगळं त्या व्याख्येत पहिल्यापासून होतं. म्हणजे ‘इमारत तर जुनीच आहे, मग कर कसला’ हा प्रश्न तेव्हाही चुकीचाच होता. पुढे 1 जून 2007 पासून वर्क्स कॉन्ट्रॅक्ट हा वेगळा प्रकार आला. त्यात सोपी योजना अशी, की पूर्ण बिलावर ठरावीक टक्के भरायचे आणि मोकळं व्हायचं. आधी 2 टक्के, मग 1 मार्च 2008 पासून 4, आणि एप्रिल 2012 पासून 4.8. इमारत नवी असो की जुनी, दर एकच. पाच वर्षं मी असाच कर भरला, आणि हातालाही तीच सवय लागली.

1 जुलै 2012 ला ती योजना गेली. वर्क्स कॉन्ट्रॅक्टमध्ये माल आणि मजुरी एकत्र असते, मालावर राज्याचा व्हॅट असतो, म्हणून सेवेचा वाटा किती धरायचा याचा नवा नियम आला. मूळ काम असेल तर बिलाच्या 40 टक्के ही सेवा. मूळ काम नसेल, म्हणजे उभ्या इमारतीची दुरुस्ती, गिलावा, फरशी, विजेची जोडणी असेल, तर 60 टक्के. ऑक्टोबर 2014 पासून हे 60 चे 70 झाले. त्या वाट्यावर 12.36 टक्के कर. माझ्या हिशेबनिसानं मला एका वाक्यात सांगितलं होतं, ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणजे चाळीस टक्के.’ मी खोलात गेलो नाही. दोष त्याचा नाही, सही माझी होती.

फेब्रुवारी 2018 मध्ये जुन्या विवरणपत्रांचं ऑडिट लागलं. अधिकारी शांत स्वभावाचे होते. लॉजची फाइल उघडून त्यांनी विचारलं, ‘हे मूळ काम कसं?’ मी म्हटलं, ‘साहेब, भिंतींचा सांगाडा सोडला तर जुनं काहीच उरलं नाही. सगळं नव्यानं केलं.’ त्यांनी नियम वाचून दाखवला. मूळ काम म्हणजे एक तर नवं बांधकाम. नाहीतर पडीक किंवा नुकसान झालेली वास्तू वापरण्याजोगी करण्यासाठी केलेली भर आणि फेरबदल. (यंत्रसामग्री उभारण्याचा तिसरा भाग आहे, त्याचा माझ्याशी संबंध नव्हता.) मग त्यांनी विचारलं, ‘लॉज पडीक होतं का?’

उत्तर माझ्याच फाइलमध्ये होतं. कामाच्या दुसऱ्या आठवड्यात मीच काढलेला फोटो. वर परांची बांधलेली, मजुराच्या डोक्यावर राबिटाचं घमेलं, आणि खाली तळमजल्यावरच्या हॉटेलाच्या फळीवर खडूनं लिहिलेलं, ‘आजचे स्पेशल – मिसळ, थालीपीठ’. दारात दोन गिऱ्हाइकं उभी. अधिकाऱ्यांनी फोटोवर बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत.

एवढ्यावर भागलं नाही. फरश्या, नळ, बेसिन हे अण्णांनी स्वतः खरेदी करून दिलं होतं, 8 लाखांचं. माझं बिल 42 लाखांचं. मी कर 42 वर काढला. पण याच नियमाच्या स्पष्टीकरणात आहे, की मालकानं फुकट दिलेल्या मालाची बाजारकिंमतही एकूण रकमेत मिळवायची. म्हणजे धरायचे 50 लाख. मी 42 लाखांच्या 40 टक्क्यांवर 2,07,648 रुपये भरले होते. भरायला हवे होते 50 लाखांच्या 60 टक्क्यांवर, म्हणजे 3,70,800. एका कामात 1,63,152 रुपये कमी. अशी नूतनीकरणाची आणखी कामं त्याच वर्षात होती. सगळी मिळून मागणी 6,40,000 रुपयांची, वर व्याज आणि तेवढाच दंड. ऑक्टोबर 2018 मध्ये नोटीस आली. मी म्हटलं, विवरणपत्रात 40 टक्के उघड लिहिलं होतं, लपवलं काय? त्यांचं म्हणणं, काम कुठल्या प्रकारचं होतं हे विवरणपत्रावरून कळत नाही. म्हणून पाच वर्षांची मुदत लावली.

एका कामात मात्र मी वाचलो, आणि हे मुद्दाम सांगतो. इचलकरंजीत आगीत जळालेलं सुताचं गोदाम मी पुन्हा उभं केलं होतं. तिथे पंचनामा होता, अग्निशमन दलाचा अहवाल होता, वीज तोडल्याचा कागद होता. मालकानं विम्यासाठी जपून ठेवलेल्या त्या कागदांनी माझे 40 टक्के टिकवले. आपण जे केलं त्यावर दर ठरत नव्हता. आपण हात लावण्याआधी वास्तू कशी होती, यावर ठरत होता. आणि त्या आधीच्या अवस्थेचा कागद आपल्यापैकी कुणीच करत नाही.

अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, ‘बिल फायनल झालं, वर्षाचा हिशेब मिटला. आता मी कुठून देऊ?’ बरोबरच होतं. करारात ‘कर लागेल त्याप्रमाणे वेगळा’ असं एक वाक्य असतं, तर मागायला तोंड तरी राहिलं असतं.

आणखी एक घोळ कंपन्यांच्या कामात व्हायचा. कंत्राटदार एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत असेल आणि काम देणारी कंपनी असेल, तर कर निम्मा कंत्राटदारानं आणि निम्मा कंपनीनं स्वतः सरकारात भरायचा, असा नियम होता. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या शोरूममध्ये मी पूर्ण कर बिलात लावला आणि पूर्ण भरलाही. सरकारचा पैसा बुडाला नाही, तरी कंपनीला तिच्या निम्म्याची मागणी गेली, आणि ते गिऱ्हाईक माझ्या हातून गेलं.

ज्यांची जुनी प्रकरणं अजून चालू आहेत त्यांनी नोटिशीतला हिशेब स्वतः मांडून बघा. 60 किंवा 70 टक्क्यांवर काढलाय की सरसकट पूर्ण रकमेवर, हे आधी तपासा. ही टक्केवारी, ज्याला मालाचा खरा हिशेब देता येत नाही, त्याच्यासाठी होती. सिमेंट, वाळू, केबलची बिलं आणि व्हॅटची पत्रकं जुळत असतील, तर प्रत्यक्ष मालाची किंमत वजा करून उरलेल्यावरच कर काढायची मुभा त्याच नियमात पहिल्या क्रमांकावर आहे. माझ्याकडे निम्मी बिलं पांढऱ्या चिठ्ठ्यांवर होती, म्हणून तो मार्ग मला बंद झाला. आणि वाद 1 जून 2007 च्या आधीच्या, माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाचा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा लार्सन अँड टुब्रो प्रकरणातला ऑगस्ट 2015 चा निकाल वकिलाला दाखवा. अशा कामांवर त्या तारखेआधी सेवाकर लागत नव्हता, असं त्यात स्पष्ट आहे.

मी ‘सबका विश्वास’ योजनेत सुटलो. 50 लाखांपर्यंतच्या मागणीत 70 टक्के सूट, व्याज-दंड माफ. डिसेंबर 2019 मध्ये अर्ज केला आणि 1,92,000 रुपये भरले. वकिलाची फी वेगळी. त्या योजनेची दारं कधीच बंद झाली.

आता जीएसटीत 40-60 ची भानगड नाही. व्यापारी इमारतीच्या नूतनीकरणावर पूर्ण रकमेला 18 टक्के, आणि आपण घेतलेल्या मालावरच्या कराची वजावट आपल्याला मिळते. अडचण आता गिऱ्हाइकाकडे गेली आहे. नूतनीकरणाचा खर्च त्यानं इमारतीच्या किमतीत चढवला, तर आपण लावलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. तोच खर्च चालू दुरुस्ती म्हणून धरला, तर ती अशी अडत नाही. हे त्याला काम संपल्यावर कळलं, की राग आपल्यावर निघतो आणि शेवटचा हप्ता लटकतो.

म्हणून दर देण्याआधी मी आता त्याच्या हिशेबनिसाला साइटवर बोलावतो. गळती, रंग, तुटकी फरशी यांचं मोजमाप एका वहीत. नवा स्वागतकक्ष, नव्या भिंती, वाढवलेलं शौचालय दुसऱ्या वहीत. बिलंही दोन. पहिल्या दिवशी इमारतीला चारी बाजूंनी फिरून तारखेसह फोटो काढतो, चालू दुकानांच्या पाट्या आणि विजेचे मीटर दिसतील असे, आणि त्यांच्या प्रती मालकाची सही घेऊन कराराला जोडतो. या महिन्यात राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचं काम सुरू केलं. सही करताना डॉक्टरांनी विचारलं, ‘हे फोटो कशाला?’ मी त्यांना लॉजचा तो फोटो दाखवला.