उलटीचे औषध आणि आवळलेली जीभ

उलटी थांबवणाऱ्या औषधांपैकी मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) आणि प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) यांमुळे काही जणांची जीभ वाकडी होते, आपोआप बाहेर येते किंवा आत ओढली जाते. जबडा आवळतो, मान वळते, कधी डोळे वर चढून तसेच राहतात. वैद्यकात याला तीव्र डिस्टोनिया म्हणतात.

ही औषधे मेंदूतील डोपामाइनचे काम अडवतात. त्यामुळे मळमळ शमते. पण स्नायूंच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागालाही डोपामाइन लागतेच. तिथला तोल ढळला की स्नायू आवळतात. त्रास बहुधा औषध सुरू केल्यापासून २४ ते ४८ तासांत दिसतो. मुले आणि तिशीच्या आतील तरुण, त्यातही मुली, यांना धोका अधिक. नेमक्या मात्रेतही हा त्रास होऊ शकतो.

प्रस्तुत लेखकाने मुरगूडमध्ये हा त्रास भोगला आहे. शुद्ध पूर्ण असते, समोरच्यांचे बोलणे कळते, पण शब्द फुटत नाही. घरच्यांना फिट, धनुर्वात किंवा बाहेरची बाधा वाटते आणि देवरुष्याकडे नेण्याची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात उपाय साधा आहे: प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिले की बहुधा काही मिनिटांतच जीभ सैल पडते. आवळणे पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टर पुढे दोन-तीन दिवस गोळ्या देतात.

असे झाल्यास पुढील डोस थांबवावा. घेतलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत घेऊन रुग्णाला जवळच्या डॉक्टरांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. श्वास अडत असेल तर लगेच १०८ क्रमांकाला फोन करावा. तोंडात पाणी किंवा चमचा घालू नये. जीभ वळण्याऐवजी सुजली असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, तर ती अॅलर्जी असू शकते. तीही तातडीची बाब आहे, मात्र तिचे उपचार वेगळे.

मेटोक्लोप्रामाइड दीर्घकाळ घेतल्यास जीभ आणि ओठ सतत हलत राहण्याचा विकार जडू शकतो व तो कायमचाही राहतो. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये बारा आठवड्यांपेक्षा अधिक वापराविरुद्ध ठळक इशारा दिला. युरोपने २०१३ मध्ये पाच दिवसांची मर्यादा घातली.

फोंडा घाटातून जाताना गाडी लागते म्हणून मेटोक्लोप्रामाइड घेण्यात अर्थ नाही. प्रवासातल्या मळमळीवर ते फारसे चालत नाही. ओंडान्सेट्रॉन डोपामाइन अडवत नाही आणि डोम्पेरिडोन मेंदूत फारच कमी पोचते, त्यामुळे जिभेचा हा त्रास त्यांनी क्वचितच होतो. मात्र दोन्हींमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. एकदा त्रास झालेल्याने औषधाचे मूळ नाव कागदावर लिहून जवळ ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना व औषध दुकानदाराला ते आधी सांगावे. ब्रँडचे नाव बदलले तरी आतले औषध तेच असू शकते.