स्टेअरिंग, हिसका आणि आपला हात



सरी पाडण्याविषयी बोलताना आम्ही रिजर, सरीची रुंदी, बेणे हे सगळे सांगतो. स्टेअरिंग धरणाऱ्या हाताबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आपला भंडारा जिल्हा धानाचा. बांध्या लहान, धुरे पुष्कळ. पुढचे चाक धुऱ्यावर चढले की पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरचे चाक हातात हिसका मारते. हात त्या हिसक्याला काय उत्तर देतो, हाच आजचा विषय.

काही मोटारींत आता स्टेअरिंगच चालकाच्या हाताला हलकेच ढकलून वाट दाखवते. डोळ्याला किंवा कानाला नव्हे, हाताला कळणाऱ्या या मदतीस 'हॅप्टिक' मदत म्हणतात. आपल्याला यात फार नवल वाटू नये. नांगराच्या मुठीतून खालचा दगड कळतो, कासऱ्यातून बैलाचा कल कळतो, तसेच हे. प्रश्न एवढाच की यंत्राने किती जोराने ढकलावे? ते हात किती ताठ आहे यावर ठरते, आणि हात तर घडीघडीला बदलतो.

घरी करून पाहा. हात पुढे करा आणि मुलाला तळहातावर लहान लहान धक्के देऊ द्या. पहिल्यांदा हात हलू द्यायचा नाही असे ठरवा. दुसऱ्यांदा हात सैल सोडा. तिसऱ्यांदा धक्का जाईल तिकडे आपणच हात जाऊ द्या. धक्का तोच, पण हात तिन्ही वेळा निरनिराळा हलेल. सैल सोडलेला हातच सर्वांत जास्त हलेल असे वाटते ना? मोजमापात तसे दिसत नाही; तिसऱ्या प्रकारात तो त्याहून जास्त हलतो. कारण स्नायू किती ताणला हे टिपणारे अवयव स्नायूत, आणि किती जोर पडला हे टिपणारे कंडरेत असतात. त्यांचे पहिले उत्तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतबाहेर येते, म्हणजे आपण विचार करण्याआधीच. पण ते उत्तर किती जोराचे असावे, हे आपण मनात काय धरले आहे त्यावर बदलते.

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात डेव्हिड ॲबिंक यांचा २००६ सालचा प्रबंध याच विषयावर आहे, फक्त तेथे हाताऐवजी पाय आणि ॲक्सिलरेटर होता. पायाला सूक्ष्म धक्के द्यायचे, जोर आणि हालचाल दोन्ही नोंदायचे, त्यावरून ताठरतेचा अंदाज काढायचा. खरी अडचण पुढेच. खात्रीचा अंदाज काढायला बराच वेळ धक्के द्यावे लागतात, आणि तेवढ्यात चालक दचकला की आधीचा अंदाज वाया. म्हणून काही अभ्यासक स्नायूंतील विजेचे ठोके किंवा मुठीची पकड मोजतात. मूठ आवळली की सहसा सबंध हातच ताठ होतो. आमच्या मते शेतकऱ्याने लक्षात ठेवायची खूण हीच.

भीतीने चाक करकचून धरले तर समोरासमोरचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात. चाक स्थिर राहते खरे, पण दुपारपर्यंत खांदे भरून येतात. अंगठे चाकाच्या आऱ्यांत अडकवू नका, हिसक्याने मुरगळतात. ते कडेवर बाहेर ठेवा. आणि स्टेअरिंगमध्ये ढिलाई फार असेल तर हाताला दोष देण्याआधी टाय रॉडचे सांधे मेकॅनिककडून तपासून घ्या.