चोपण जमीन व तिची सुधारणा

शेतात पांढरा थर दिसला की जमीन खारावली, असे आपण सरसकट म्हणतो. परंतु खारवट जमीन व चोपण जमीन ह्या दोन निराळ्या होत. हा भेद न ओळखल्यास उपायाचाच अपाय होतो.

खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साठलेले असतात. निचऱ्याची सोय करून गोडे पाणी सोडले की ते धुऊन जातात. चोपण जमिनीत मात्र सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसलेले असते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असल्यामुळे तो कणांना एकत्र बांधून ठेवतो. सोडियमच्या आयनावर एकच धनभार असून त्याभोवती पाण्याचे वेष्टन असते, म्हणून त्याला हे काम साधत नाही. कण विलग होऊन जमिनीची छिद्रे बुजवितात व पाणी मुरेनासे होते. अशी जमीन ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी कठीण होते. कणांनी धरलेल्या धनभारी आयनांत सोडियमचा वाटा शेकडा १५ हून अधिक झाला, म्हणजे ती चोपण मानतात. तिचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो.

चोपण माती मिळाल्यास आपण एक प्रयोग करून पाहू. दोन पेल्यांत पावसाचे पाणी घेऊन प्रत्येकात चमचाभर माती ढवळावी आणि एकात थोडी जिप्समची पूड घालावी. काही तासांनी जिप्समच्या पेल्यातील पाणी निवळू लागते. दुसऱ्यातील गढूळच राहते.

हाच गुण शेतात उपयोगी पडतो. जमिनीत क्षार व सोडियम दोन्ही असता नुसते गोडे पाणी सोडले, तर क्षार निघून जातात, सोडियम मागे राहते व जमीन अधिकच बिघडते. म्हणून आधी जिप्सम घालावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटे झालेले सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली जाते.

उत्तर हिंदुस्थानातील गंगा-यमुनेच्या मैदानात अशा जमिनीला 'ऊसर' म्हणतात. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने तिच्या सुधारणेची रीत घालून दिली. शेत सपाट करून बांध घालावयाचे, माती तपासून हेक्टरी सुमारे १० ते १५ टन जिप्सम वरच्या थरात मिसळावयाचे, पाणी साठवून मुरू द्यावयाचे, आणि पहिले पीक भाताचे व त्यामागून गव्हाचे घ्यावयाचे. पुढे धैंचा गाडल्याने मातीला सेंद्रिय द्रव्यही मिळते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शेती आहे. एखादा तुकडा नापीक म्हणून टाकण्यापूर्वी त्याची माती तपासून घ्यावी, एवढे आपण घरी अवश्य सांगू या.