पुनर्वसन, पुनर्विकास, नूतनीकरण : एका वसाहतीच्या निमित्ताने

प्रास्ताविक

पारिभाषिक संज्ञा कशी घडते हे आपण यापूर्वी पाहिले. प्रस्तुत घटकात, संज्ञेची निवड चुकल्यास मजकुराचा अर्थ कसा उलटतो, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून अभ्यासायचे आहे. उदाहरण फ्रान्समधील बोर्दो शहराचे आहे.

विषय-विवेचन

बोर्दोची ग्राँ पार्क ही वसाहत १९६० च्या दशकात उभी राहिली. तेथील तीन उंच इमारतींत मिळून ५३० घरे आहेत. ती सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची असून कुटुंबांना माफक भाड्याने दिलेली आहेत. (म्हाडाच्या सोडतीत लागलेले घर मालकीचे होते; त्यामुळे ‘म्हाडाची घरे’ हा सोयीचा वाटणारा पर्याय येथे चालणार नाही.) खिडक्या लहान, भिंतींना उष्णतारोधक आवरण नाही, अशा या इमारती पाडाव्यात की राखाव्यात, हा प्रश्न होता. अ‍ॅन लाकातों, जाँ-फिलिप वासाल, फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ ह्युतँ या वास्तुरचनाकारांनी त्या राखल्या. रहिवासी काम चालू असताना घरातच राहिले आणि त्यांचे भाडे वाढले नाही. या कामाला २०१९ मध्ये युरोपीय महासंघाचा मीस व्हान डेर रोए पुरस्कार मिळाला.

अशा कामाला फ्रेंचमध्ये ‘रेआबिलितास्याँ’ म्हणतात. कोश उघडताच ‘पुनर्वसन’ हा प्रतिशब्द समोर येतो आणि येथेच अनुवादक फसतो. एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात ‘५३० कुटुंबांचे पुनर्वसन’ असे वाक्य मी वाचले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट होती. फ्रेंच शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘हाबिलिस’, म्हणजे योग्य, सक्षम, हे विशेषण आहे. जुनी वास्तू पुन्हा सक्षम करणे, हा त्याचा अर्थ. मराठी शब्दात ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. पुन्हा वसवायचे, तर आधी उठवलेले असावे लागते. कोयना धरणापासून महाराष्ट्राने हा शब्द विस्थापितांच्या संदर्भातच ऐकला आहे. फ्रेंच शब्दाचे कर्म इमारत आहे, मराठी शब्दाचे कर्म माणूस आहे.

‘पुनर्विकास’ही चालत नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तेथील रहिवाशाच्या लेखी या शब्दात जुनी चाळ पाडणे, संक्रमण शिबिर आणि नवा मनोरा हे सारे गृहीत असते. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसाने मोठे घर मागावे, यात गैर काहीच नाही. पण तो शब्द बोर्दोला लावता येत नाही. ‘डागडुजी’ फार तोकडी, ‘जीर्णोद्धार’ देवळाचा. उरते ‘नूतनीकरण’. परवान्याच्या नूतनीकरणामुळे या शब्दाला कचेरीचा वास येतो खरा, तरी ‘रहिवाशांना न हलवता केलेले नूतनीकरण’ असे स्पष्ट लिहिल्यास तो निभावतो.

आता मुख्य तांत्रिक भाग पाहू. जुन्या दर्शनी भिंतीची लहान खिडकी कापून तेथे उंच सरकते काचेचे दार बसवले. त्यापुढे इमारतीला लागून नवा सांगाडा उभारून प्रत्येक घराला सुमारे ३.८ मीटर खोलीची जागा जोडली. तिच्या बाहेरच्या बाजूस पारदर्शक, सरकती तावदाने आहेत. हिवाळ्यात तावदाने बंद ठेवली की उन्हाने आतील हवा तापते आणि घराची ऊब थेट बाहेर जात नाही. उन्हाळ्यात ती उघडतात आणि पडदे ओढून ऊन अडवतात. उत्तरेकडील भिंतीला ऊन मिळत नाही, म्हणून तिला उष्णतारोधक आवरण दिले. एका घराचे काम साधारण दोन आठवड्यांत आटोपत असे.

या जोडजागेचे मूळ नाव शब्दशः ‘हिवाळी बाग’ असे होते. मराठी वाचक त्यात फुलझाडे शोधील. माझ्या मते ‘पडवी’ हा शब्द अधिक जवळचा आहे. पडवी ना पुरती घरात, ना पुरती बाहेर; पाऊस आणि ऊन आधी ती झेलते, मग घर. काचबंद पडवी म्हटले की यंत्रणेचे निम्मे स्पष्टीकरण शब्दानेच केलेले असते. ‘उष्णतेची गळती’ मात्र जपून वापरावी. गळतीला छिद्र लागते. उष्णता अखंड काँक्रीटमधूनही निघून जाते. फटी बुजवल्या की काम झाले, असा समज त्या शब्दाने होतो.

असा मजकूर अखेर जिन्याखालच्या फलकावर सूचना म्हणून लागतो आणि रहिवासी त्यावर संमतीची सही करतात. तेथे ‘पुनर्वसन’ वाचलेली सत्तरीची बाई सही करण्याऐवजी सामान बांधू लागेल.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एखाद्या भाड्याच्या जुन्या इमारतीत असे काम होणार आहे, असे कल्पून रहिवाशांसाठी शंभर शब्दांची सूचना लिहा. शीर्षकातील तिन्ही शब्द टाळा. कोणती भिंत कापणार, किती दिवस लागणार, त्या दिवसांत रहिवाशांनी कोठे झोपायचे आणि भाड्याचे काय होणार, हे सूचनेत आले पाहिजे.